गोळ्यावरचा हात

नव्या पेठेतल्या आमच्या गेम पार्लरमधली सगळी मशिनं निंगप्पा दुरुस्त करतो. बोलायला लागला की थांबत नाही, मला तर रोज नवीन टोपणनाव ठेवतो. पण यंदा श्रावणापासून गडी गप्प झाला. उजवा हात सतत खिशात. मी काउंटरवरून सगळं बघत होते. बाहेर काढला की तो हात थरथरायचा. त्याचे वडील गावी, वैरागला, कंपवातानं गेले; शेवटी त्यांना घासही भरवावा लागायचा. तेच आपल्याला लागलंय, या धास्तीनं तो पार खचला होता, आणि बायकोला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. ज्याचं पोट बोटांवर, त्यानं सांगायचं तरी काय?

दसरा झाला आणि बोलिंगचं मशीन बिघडलं. त्यात मोसंबीएवढा गोळा असतो; तो हातानं फिरवला की पडद्यावरचा बाण सरकतो. आता गोळा कितीही फिरवला तरी बाण एका जागी नुसता थरथरत होता. निंगप्पानं गोळ्यावर हात ठेवला, बाणाकडे पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

मी घाईनं सांगितलं, की गिऱ्हाइकांचीही हीच तक्रार आहे. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

त्यानं मशीन उघडलं. गोळ्याखाली दोन दांड्या, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. प्रत्येकीच्या टोकाला बारीक फटींची चकती. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारे दोन डोळे. चकती फिरली की उजेड जितक्या वेळा दिसतो, अडतो, तेवढा बाण सरकतो. कुठल्या डोळ्याला आधी दिसलं, त्यावरून दिशा कळते. एक डोळा झाकला, तर बाण तिथल्या तिथं मागंपुढं करत राहतो.

डोळा झाकला होता कुंकवानं. खंडेनवमीला आमच्या मालकीण गिरिजाबाईंनी मशिनांची पूजा केली होती, आणि चांगलं चिकटावं म्हणून गोळ्यावर ओलं कुंकू लावलं होतं; गोळा फिरता फिरता ते आत उतरलं. निंगप्पा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला. मलाही बरं वाटलं. त्यानं चकती, दांड्या, सगळं लख्ख पुसलं आणि गोळा बसवला.

मग त्यावर हात ठेवला. बाण थरथरला.

त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं. तरी तेच. वायर ढिली असेल, असं मी काहीतरी बोलले.

"ताई, तुमी ठेवा हात."

मी ठेवला. बाण जागचा हलला नाही. मी हात काढला, त्यानं ठेवला. बाण थरथरायला लागला.

"मशीन चांगलं हाय," तो हळूच म्हणाला. "माझ्या बायकोला फोन लावा. मला आत्ता बटणं दाबायला जमायचं न्हाय."

मी फोन लावून त्याच्या कानाशी धरला. पलीकडून ती "बोला की, बोला की" म्हणत राहिली.