पाकिटं वेचणाऱ्या बाई

कळंबच्या बसस्टँडवर त्या रोज दिसत. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि बस येईपर्यंत बाकाखालची रिकामी पाकिटं वेचायच्या. बिस्किटाची, मिठाची, कपाशीच्या बियाण्याची. रुमालानं पुसून वहीत दाबून ठेवायच्या. मला वाटे, डोक्यावर परिणाम झाला असावा. एकदा विचारलंच.

"मी दुसरीले शिकवते," त्या म्हणाल्या. "पुस्तक पोरायले पाठ होऊन जाते. बोट एका ओळीवर अन् तोंड भलतीकडे. पाकिटावरचं मात्र वाचाच लागते."

मी म्हटलं, चांगली युक्ती आहे. त्यांनी हातातलं पाकीट वहीत ठेवलं.

"मागं एक पोरगी घरून प्लास्टिकचा डबा घेऊन आली. फवारणीच्या औषधाचा. मायनं तो धुऊन त्यात खायचं तेल भरलं होतं, आठ दिवसांपासून त्याच तेलाची भाजी सुरू. डब्यावर 'विष' लिहिलेलं. पोरीनं घरी वाचून दाखवलं, तर कोणी मानेना. म्हणून मले विचाराले आली, बाई, मी बरोबर वाचलं ना?"

"मग?"

"रोज पोरायच्या मागं लागते, बरोबर वाचा म्हणून. त्या दिवशी डबा हातात घेतला अन् वाटलं, हिचं चुकलं असलं तर बरं."