फळ्यांमधल्या फटी

पद्माकर जोगळेकरांनी आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नाही, आणि तेच त्यांना भोवलं.

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बायकोने, कादंबरीने, उमेदीची सगळी वर्षं घामाघूम होत काढली. तिचा जुना आजार उलटला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एकच मागितलं: बाहेर कडाक्याची थंडी, आत आपण दोघं, अंगावर जाड गोधडी. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत, जमिनीचा एक तुकडा त्यांनी हौसेने घेऊन ठेवला होता. तिथे बर्फ पडायच्या आत लाकडी केबिन बांधायची ठरली.

रजा मोजकीच. म्हणून पद्माकरांनी फळ्या इथेच, सिंगापुरातच पाया लेबार भागातल्या एका सुताराच्या शेडमध्ये, रविवारी रविवारी कापल्या. जंगलांच्या मुलखात सिंगापूरहून लाकूड न्यायचं म्हणजे उलटी गंगाच. पण इंजिनिअर माणसाला सांगणार कोण? ऑक्टोबरात तिथे जाऊन त्यांनी केबिन उभी केली. फळ्या अशा चपखल बसल्या की मधून सुई जाईना. मग कादंबरीला नेलं. तिने नव्या शेगडीवर रीतसर दूध उतू जाऊ दिलं आणि दोघं मनापासून हसली.

ते हसू एक दिवस टिकलं. इथल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड तिथल्या कोरड्या थंडीत, शेगडीच्या धगीने आक्रसलं. भिंतीभर फटी पडल्या, वारा आत घुसला. बारा महिने दमट हवेत राहणाऱ्या सिंगापूरकराला हवेतलं पाणी कुठलं आठवायला! पद्माकर चिंध्या आणि सिलिकॉन घेऊन भिंतीला भिडले. धड जेवेनात, क्षणभर टेकेनात. कादंबरी हाक मारायची. हे म्हणायचे, एवढी एक फट बुजवतो आणि येतो. शेवटी तिला ताप भरला आणि मुक्काम आवरता घ्यावा लागला.

आता ती घरीच, पलंगावर असते. पुन्हा प्रवास करायला डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे. पद्माकर उशाशी बसून रोज तेच उगाळतात: लाकूड आधी तिथे नेऊन वाळवायला हवं होतं, गणित चुकलं, तुला थंडी बाधली.

काल तिने त्यांना मध्येच थांबवलं.

"अहो, फटींचं काय घेऊन बसलात? मी पांघरुणात तुमची वाट बघत होते. तुम्ही आलाच नाहीत."

पद्माकर उठून तिच्या शेजारी आडवे व्हायला गेले, पण तिने हातानेच नको म्हटलं. तिच्या अंगाला आता कुणाचा स्पर्श सोसत नव्हता.