वेणूला लागलेला ई

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून मी एकदा गणपतीला बोलले होते, "देवा, आमच्या वेणूचं लग्न ठरू दे. तोवर चहाला शिवणार नाही." हसू नका! उपासतापास मला नवे नाहीत, पण चहा सोडणं काय असतं, ते हातातला कप जरा खाली ठेवून बघा, म्हणजे कळेल. आणि त्या नवसाचं मी पुढं जे करून ठेवलं, ते सांगताना अजून मान वर होत नाही.

वेणू माझ्या ओतूरच्या नणंदेची मुलगी. पणजीचं नाव ठेवलेलं, त्यामुळं तिच्या वयाची दुसरी वेणू पंचक्रोशीत नव्हती. गुणी, बी.ए. झालेली, पण स्थळं यायची, पोहे खायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. शेवटी आमच्या लांबच्या नात्यातलं, नारायणगावचं एक स्थळ मीच सुचवलं. पोहे झाले, 'कळवतो' झालं, आणि मग सगळं चिडीचूप.

एके दिवशी त्या मुलाचे चुलते जुन्नरला आमच्या दारात! हातात पत्रिका.

"आमच्या पोराचं लगीन हाय, वहिनी. समद्यांनी यायचं बरं का!"

"अगंबाई! आणि मुलगी…" म्हणेपर्यंत जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, पावणं निघून गेलं.

पत्रिका उघडली, तर सगळी इंग्रजी! वरची सोनेरी अक्षरं जिलेबीसारखी, एक वेढा सुटेल तर शपथ. खाली मात्र एक शब्द ठळक नि सुटा. माझी लेक तेव्हा पाचवीत. तिच्या जोडीनं मीही ए बी सी डी गिरवलेली. दोघी बोट ठेवून वाचायला लागलो. व्ही… ई… एन… यू…

"आई, वेणू!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण पुढं अजून एक ई हाय गं."

"असू दे. आपण न्हाई का चि. सौ. कां. लावत? इंग्रजीत ई लावत असतील."

काय हा माझा आत्मविश्वास! आमचे हे टोमॅटो घेऊन मुंबईला गेलेले, नाहीतर गाडी तिथंच अडली असती. वन्संनी मला न सांगता परस्पर ठरवलं, म्हणून घटकाभर फुगून बसले. मग देवापुढं साखर ठेवली आणि चहा टाकला. आलं घालून. दोन कप प्याले!

तेवढ्यावर थांबले असते तर? पण रुखवताला काहीतरी हवं ना! पत्रिकेवरचं नाव एकेक अक्षर बघून लाल लोकरीनं भरलं, ईसकट. काच बसवून त्याची तसबीर करून घेतली. ती काखेत मारली, पेढे घेतले नि ओतूरची एसटी धरली.

गल्लीच्या तोंडापासूनच वाटत निघाले. "वेणूचं जमलं! नारायणगावला!" वन्संच्या दारात पोचले, तेव्हा मागं बायकांची ही रांग.

वन्सं पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "कुणाचं जमलं गं?"

"आता लपवता कशाला!" म्हणत मी पत्रिका वेणूच्या हातात दिली. तिनं वाचली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या तसबिरीकडं.

"मामी, हे वेणू नाही. व्हेन्यू आहे."

"शिकलेली माणसं तसं म्हणत असतील."

"अगं, व्हेन्यू म्हणजे स्थळ."

"तेच तर सांगतेय मी! स्थळ! नारायणगावचं!"

"तसलं स्थळ नाही गं मामी. लग्नाची जागा. कार्यालय." तिचा आवाज बारीक झाला. "नवरी मंचरची आहे."

मागच्या बायकांचे पेढे तोंडातल्या तोंडात; गिळावेत की काय करावं, कुणालाच कळेना. शेवटी वन्सं म्हणाल्या, "आजवर लई नकार आले बाई, पण पेढे वाटून आलेला ह्यो पहिलाच!"

मी उंबऱ्यावरच बसले. पुडा पदराखाली लपवायला गेले, तर तोही रिकामा! वेणू आत गेली. ज्या पोरीसाठी चहा सोडला, तिलाच मी गल्लीदेखत रडवलं होतं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे लाल होते, तरी म्हणाली, "रडू नको, मामी. मी आता कार्यालय झाले. पाचशे पानं उठतील माझ्यात!"

तसबीर मात्र तिनं ठेवून घेतली. मागितली तरी देईना. आणि मी? त्याच दिवशी चहा पुन्हा सोडला.

दोन वर्षांनी घोडेगावचं स्थळ आलं आणि पोहे संपायच्या आत 'पसंत' म्हणालं. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात पाऊल टाकलं, वर बघते तर काय, चौकटीवर माझी तसबीर! लाल लोकर, ईसकट. नवरीनं हट्टानं लावून घेतलेली.

मी मान खाली घालून आत सटकणार, तेवढ्यात पुण्याच्या एक पाहुण्या थांबल्या. "हे तुम्ही भरलंत? वा! आणि इंग्रजी किती अचूक आहे हो तुमचं!"

मी 'हो' म्हणून आत सटकले. ह्या खेपेला मात्र अक्षता पडेपर्यंत चहाला शिवले नाही; मगच कार्यालयातला गार चहा घेतला.

तुम्ही प्या आता, तुमचाही निवायला आलाय. फक्त माझ्यासारखा एवढा नेम तुम्हीही धरा : घरात इंग्रजी पत्रिका आली, की पेढे आणायच्या आधी शेवटचा ई कशाला आहे, ते कुणाला तरी विचारा.