कोपऱ्यातले तारे

खराडीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि गच्चीवरच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून ताऱ्यांचे फोटो काढतात. लिफ्टमध्ये "कशा आहात?" विचारलं, तर म्हणतात, "फोकस जमलाय, अंतर जमत नाहीये." भिंग आणि कॅमेरा यांच्यात केसभर अंतर कमी पडलं, की मधले तारे गोल येतात आणि कोपऱ्यातले ताणलेले. मला त्यांची जरा भीतीच वाटते.

सोसायटीच्या दिवाळी शुभेच्छापत्रासाठी सेक्रेटरींनी असाच एक फोटो मागितला. बाईंनी साफ नकार दिला.

"अहो, कोपऱ्यात कोण बघतंय?"

"मी बघते."

"मग कोपरे कापून टाकू."

"हात तर लावून बघा!"

संध्याकाळी मी गच्चीवर गेले. भिंग आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायला बाई जाड कागदाची बांगडीसारखी पोकळ चकती कापत होत्या. कागद होता काम वेळेत उरकल्याबद्दल कंपनीकडून मिळालेल्या प्रशस्तिपत्रकाचा.

"अहो, हे कशाला कापलंत?"

"ते काम ग्राहकाकडे अर्धवटच गेलं होतं," कात्री न थांबवता त्या म्हणाल्या. "हे तसं जाणार नाही."