खंडेनवमीला पाहिलेलं मशीन

दिवाळीची सुट्टी संपली की सिंधूला शाळेत पाठवायचं नाही, असं पार्बताबाईनं ठरवून टाकलं. सुनेचा, गोदाचा, गुडघा पोळ्यापासून धरला होता. भाजीचं टोपलं डोक्यावर घेऊन अकोल्याच्या बाजारात जाणं तिला जमेना. नवरा शालिकराम दिवसभर मळ्यात. मग बाजारात बसणार कोण?

“तू नाई तं तुही पोरगी,” सासू म्हणाली. “चौथी लय झाली.”

“मी घरी शिवणाचं काम करीन, आत्याबाई. तिले शाळेत राहू द्या.”

“कशावर शिवशीन? बोटावर?”

शेजारच्या मनकर्णाबाईच्या मशीनवर गोदा दोन वर्षं शिकली होती. चोळ्या, परकर, झबली, सगळं हाताखालून गेलं होतं. पण मनकर्णाबाई मशीन घेऊन मुलाकडे खामगावला राहायला गेली होती. नवं मशीन घेण्याची गोष्टच नव्हती. जुनं शोधायचं, तेही चांगलं निघालं पाहिजे. एकदा फसली तर दुसरं कोणी घेऊन देणार नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं कशात मन लागेना. भाकरी तव्यावर करपायची. ताजनापेठेतल्या एका दुकानात तिनं एक हातमशीन पाहिलं. काळाभोर नवा रंग, वर सोनेरी फुलं. दुकानदारानं मलमलीवर सरसर टाके घालून दाखवले. गोदानं पिशवीतून जाडंभरडं मांजरपाट काढलं, त्याची चौघडी केली आणि पुढे सरकवली. चाक दोन फेऱ्यांत अडकलं.

“बाई, मशीन घेऊन राह्यली का बैल?” दुकानदार चिडला.

“बैलाचेबी दात पाहूनच घेतेत,” असं म्हणून ती पायऱ्या उतरली. उतरताना मात्र तिला रडू आलं. दसरा चार दिवसांवर होता.

तेवढ्यात अमरावतीहून तिच्या भावाचा, भगवंताचा निरोप आला. अंबापेठेतल्या ज्या वकिलांकडे तो भाजी द्यायचा, ते नागपूरला नवं हायकोर्ट झालं म्हणून तिकडे बिऱ्हाड हलवत होते. घरातलं मशीन विकणार होते. ‘खंडेनवमीले ये. त्या दिवशी मले काम नसते, मी संगं येईन.’ बडनेऱ्याला गाडी बदलून गोदा अमरावतीला पोचली, तेव्हा खंडेनवमीची दुपार कलायला लागली होती.

वकिलांच्या माजघरात पाटावर मशीन मांडलेलं होतं. चाकाला हळदीकुंकू, मानेभोवती झेंडूची माळ. शेजारी दौत-टाक, विळी आणि अडकित्ता. गोदानं सवयीनं चाकाकडे हात नेला.

“अहो, आज नाही हं!” वकिलांची बायको रमाबाई लगबगीनं पुढे आली. “आज पूजेला बसवलंय ते. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की काय हवं ते करा.”

गोदानं भावाकडे पाहिलं. भगवंताची कुदळ आणि विळा सकाळीच कुंकू लावून त्याच्या घरी भिंतीशी ठेवलेले होते. म्हणून तर तो मोकळा होता. औजारांच्या सुट्टीच्या दिवशी दोघं औजार पाहायला आली होती.

“माह्या ध्यानातच नाई आलं, अक्का,” भगवंत डोकं खाजवत म्हणाला. “मशीनबी औजारच की.”

“मलेबी कुठं आलं,” गोदा म्हणाली. तिला रागही धड येईना.

“उद्या चालवून पाहा आणि न्या,” रमाबाई म्हणाली. “पण एक आहे. परतवाड्याचे नत्थुजी शिंपी उद्या पहिल्या मोटारीनं येतायत. आज कोणी शब्द दिला तर त्याचं, नाहीतर ते आले की नेतील. आम्हाला परवा निघायचंय.”

म्हणजे न चालवताच ठरवायचं. गोदा पाटाभोवती फिरली. खाली बसली, गुडघा दुखला म्हणून उठली, पुन्हा बसली. चाकावरचं कुंकू तेवढं दिसत होतं, आतलं काहीच कळत नव्हतं. मग एकदम तिनं विचारलं, “वकिलीणबाई, याच्यावर शिवलेलं घरात काही असन तं दाखवता?”

“मी मशीन विकतेय, कपडे नाही!” रमाबाई हसली, पण गाठोडं घेऊन आली.

गोदानं एकेक कपडा उलटा केला. गादीची जाड खोळ, पाच वर्षांपूर्वीची. तिच्या शिवणीवर नख फिरवलं. टाके खालून-वरून सारखे, एकही सुटलेला नाही. उशीचे अभ्रे तसेच. मग एक झबलं हाती आलं. मधूनमधून टाके सुटले होते.

“हे कवा शिवलं?”

“गेल्या महिन्यात. हल्ली जरा त्रास देतं खरं.”

खालचा दोरा गुंफणारा आतला धोटा झिजला असेल तर सगळंच गेलं. गोदा झबलं घेऊन दाराशी उजेडात आली. शिवणीच्या कडेनं कापडाचे बारीक धागे ओढले गेले होते, काटा लागल्यासारखे.

“सुई कवा बदलली होती, बाई?”

“सुई? ती बदलायची असते?”

भगवंत फिसकन हसला. गोदा हसली नाही. सुई बोथट आहे हे नक्की होतं. तेवढाच दोष आहे, हे कुठं नक्की होतं? तिनं जाड खोळीची शिवण पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“माहा शब्द घ्या,” शेवटी ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होऊन माळ उतरली, तेव्हा गळ्यात टेप घातलेले नत्थुजी येऊन बसलेच होते. गोदानं आपल्या पुडीतली नवी सुई बसवली, मांजरपाट घातलं, चाक फिरवलं. कापड उलटून पाहिलं तर खाली दोऱ्याचे नुसते फासे.

“धोटा गेला याचा,” नत्थुजी मान हलवत म्हणाले. “तुमच्या कामाचं नाई, बाई. मी नेतो, भंगारात घालीन.”

टोपल्यामागे बसून वांग्यांचा भाव ओरडणारी सिंधू गोदाला दिसायला लागली. पण भंगारासाठी हा माणूस परतवाड्याहून कशाला येईल? तिनं सुई काढली, बोटांत फिरवली. मनकर्णाबाईच्या मशीनला सुईची चपटी बाजू उजवीकडे यायची. इथं दोरा ओवायचाच दुसऱ्या बाजूनं होता. तिनं सुई फिरवून बसवली. या वेळी मांजरपाटाची चौघडी सरळ पार गेली, आणि टाके दोन्हीकडून सारखे.

“हं, सुई उलटी होती,” नत्थुजी म्हणाले.

“मंग मघाशी काऊन नाई सांगितलं?”

“मले मशीन पाह्यजे होतं नं, बाई.”

संध्याकाळी अकोल्याच्या घरी पार्बताबाईनं ती शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. दातांनीही ओढली. तुटली नाही.

“सिंधीले जाऊ दे शाळेत,” ती म्हणाली. “बजारात मी बसीन. पन संक्रांतीपावतर. तवापर्यंत कामं आले पाह्यजेत.”

गोदानं मान डोलावली. मशीन झाकलं, आणि शेजारी कोणाला दिवाळीच्या चोळ्या शिवायच्या आहेत का, ते विचारायला पाय ओढतच बाहेर पडली.