यात आपलं कोन हाय?

खोपोलीच्या शिळफाट्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई कुठलाही फोटो दिसला की आधी एकच विचारायच्या, "यात आपलं कोन हाय?" मग तो लग्नातला असो की कॅलेंडरवरचा. सकाळी "जयभीम, मास्तर" म्हणताना माझ्या हातातल्या पेपरात डोकावूनही तेच विचारायच्या.

एकदा खोपोलीत चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रं म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेषा, पण बघत राहिलं की त्या हलतायत असं वाटे. मुंबईची माणसं त्यावर फिल्म काढायला आली होती. ठेवणीतलं पांढरंशुभ्र लुगडं नेसून बाई दिवसभर कॅमेऱ्यासमोर घुटमळल्या.

पुढे ती फिल्म आमच्या शाळेत दाखवली. पडद्यावर सगळे मुंबईचे टायवाले, आमच्याकडचं कुणीच नाही. बाई ताडकन उठल्या आणि थेट पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बस की गं खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"खोपोलीच्या फिल्मीत खोपोलीचं येक तरी मानूस नको?" पदर सारखा करत त्या म्हणाल्या.

पडद्यावर आता ती चित्रं आली होती आणि बाईंच्या त्याच पांढऱ्या लुगड्यावर त्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या. सरळ रेषा डोलल्याचा भास होतो, असं फिल्ममधला आवाज सांगत होता. भास कसला? बाई हसत होत्या आणि रेषा खरंच डोलत होत्या.