कुलूप लावलेली घरं

शिरपूरजवळच्या एका गावात सकाळची पहिली बस ठेवायची की बंद करायची, हे घरोघर विचारायचं काम माझ्याकडे होतं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जायचं, असा नियम होता. मी मात्र शेजारचं घर घेत गेलो. तिथे ओट्यावर कुणीतरी सापडायचंच.

“बंद करा भाऊ, गाडीना भोंगा झोपू देत नही,” एक आबा म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

निघताना एक बाई समोर आली. कापूस वेचून परतलेली, केसांत तंतू अडकलेले. मी काय विचारतोय हे कळताच तिने माझ्या मोटरसायकलचं हँडल धरलं.

“त्याच गाडीवर आम्ही कामले जातस. माले इचारा ना.”

“घरं पूर्ण झाली, अक्का. तुमच्या घराला कुलूप होतं.”

गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली तिने माझ्या डोळ्यांसमोर धरली. “घरले कुलूप शे म्हनीसन आम्ही गावमा नहीत का?”

मागे बायका जमू लागल्या. “साहेबांना सांगतो,” म्हणालो, तेव्हा तिने हँडल सोडलं.

मी कुणालाच सांगितलं नाही. ‘गावाला पहिल्या बसची गरज नाही’ असं लिहून दिलं, आणि बस बंद झाली.

पुढच्या वेचणीला, पहाटे त्याच रस्त्यावर माझ्यापुढे एक पिकअप चालली होती. मागे बायका कोंबून उभ्या होत्या. फळीच्या कडेला ती होती. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या मुठीत गळ्यातली किल्ली. रस्ता मोकळा होता, तरी मी पुढे गेलो नाही.